वीस अंशांचं पाकीट आणि खापरखेड्याचं पाणी

ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरचं कुठलंही पाकीट घ्या, इंग्लंडचं असो की अमेरिकेचं, वेळांच्या तक्त्याच्या डोक्यावर एकच आकडा असतो: २० अंश सेल्सिअस. नागपूरच्या उत्तरेला, कन्हान नदीजवळच्या खापरखेड्यात मे महिन्यात हा आकडा वाचला की हसू येतं. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळवतं आणि रात्री दहालाही नळाला कोमटच येतं. अशा गावात कुणी नव्याने घरच्या घरी रोल धुवायला घेतला की तो हमखास विचारतो, फिल्म कुठली घेऊ आणि डेव्हलपर कुठला घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी तुझ्याकडचं पाणी किती अंशांचं आहे ते सांग, बाकीचं मग बघू.

उत्तर तिरकस वाटतं, पण त्यामागचं कारण फिल्मच्या आत दडलेलं आहे. आणि तिथे जे चालतं ते शाळेच्या रसायनशास्त्रात कुणी आपल्याला सांगितलेलं नसतं.

फिल्मच्या पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे, थोडं आयोडाइड मिसळलेले, सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. शटर उघडतं, उजेडाचे कण स्फटिकावर आदळतात आणि त्यातले चांदीचे काही आयन इलेक्ट्रॉन मिळवून चांदीचे अणू होतात. किती अणू? चार जरी एका जागी जमले तरी पुरतं. या चार अणूंचा ठिपका कुठल्याही साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. शटर मिटलं, रोल कॅमेऱ्यातून काढला, तरी त्यावर पाहण्यासारखं काहीही नसतं. फोटो मात्र निघालेला असतो.

आता डेव्हलपर ओतायचा. ज्या स्फटिकावर तो चार अणूंचा ठिपका आहे तिथे डेव्हलपर इलेक्ट्रॉन देऊ लागतो आणि बघता बघता सबंध स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. एक मायक्रॉन बाजूचा ठोकळा धरून हिशेब केला तर त्यात चांदीचे सुमारे दोन हजार कोटी आयन बसतात. उजेडाने केलेलं काम चार अणूंचं, रसायनाने ते नेलं दोन हजार कोटींवर. काडी एक आणि पेटलं अख्खं रान, असा प्रकार. दीडशे वर्षं लोक न्हाणीघरात, जिन्याखाली, स्वयंपाकघरात पडदे लावून हे करत आले आहेत, हातात थर्मामीटर आणि घड्याळ एवढंच घेऊन.

जिलेटिनचीही एक गोष्ट आहे. ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिल्मवाल्यांना एक कोडं पडलं होतं: एका घाण्याच्या जिलेटिनची फिल्म झटपट उजेड पकडायची, तर दुसऱ्या घाण्याची मख्ख बसायची. कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२५ च्या सुमारास याचं मूळ शोधून काढलं. जिलेटिनात गंधकाच्या संयुगांचे अगदी नगण्य अंश होते आणि ते आले होते मोहरीच्या जातीच्या झाडपाल्यातून, जो त्या गुरांनी चरलेला होता. या गंधकामुळे स्फटिकांवर सिल्व्हर सल्फाइडचे कण तयार होतात, आणि उजेडाने सुटलेले इलेक्ट्रॉन तिथे अडकतात. गुरांच्या वैरणीत मोहरी नसती तर त्या काळचे कित्येक कॅमेरे आंधळेच राहिले असते. पुढे कारखान्यांनी गंधक मोजून घालायला सुरुवात केली, पण धडा गुरांनीच दिला होता.

आता पाण्याकडे येऊ. डेव्हलपरला कुठला स्फटिक उजेडाने शिवलेला आणि कुठला कोरा, हे पक्कं कळत नाही. ठिपक्याचा स्फटिक लवकर काळा होतो, बिनठिपक्याचा उशिरा, इतकाच फरक. पुरेसा वेळ दिला तर कोरा स्फटिकही काळा होणार. त्यालाच फॉग म्हणतात, म्हणजे सगळ्या निगेटिव्हवर पसरलेली मळकट छटा. अख्खी फोटोग्राफी या दोन वेगांमधल्या फटीत बसलेली आहे. पाणी तापलं की दोन्ही वेग वाढतात आणि आपल्या हातात असलेला वेळ आखूड होतो. म्हणून तापमान हा तक्त्यातला दुय्यम रकाना नव्हे, पहिला रकाना आहे.

ढोबळ हिशेब असा: एक अंश वाढला की वेळ सुमारे आठ टक्क्यांनी घटवायची. इलफर्डची एचपी-५ प्लस फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटं घेते. २७ अंशांना हेच काम सव्वाचार मिनिटांत उरकतं, आणि ३२ ला तीन मिनिटांच्या आत. इथे घोटाळा होतो. डेव्हलपर फिल्म धुण्याच्या टाकीत ओतायला आणि काढायलाच अर्धं मिनिट जातं. तीन मिनिटांत अर्ध्या मिनिटाचा फरक म्हणजे फिल्मचं एक टोक दुसऱ्यापेक्षा गडद. आकाशासारख्या सपाट भागात पट्टे उमटतात. जाणकार म्हणूनच पाच मिनिटांच्या खाली जात नाहीत.

यावर तोड सोपी आहे आणि खिशालाही परवडणारी: डेव्हलपर पातळ करा. आयडी-११ मध्ये एकास एक पाणी घातलं की एचपी-५ ला २० अंशांवर १३ मिनिटं लागतात. २७ अंशांना ती सव्वासातच्या आसपास येतात. एकास तीन केलं तर २० मिनिटांची सव्वाअकरा होतात. म्हणजे उन्हाळ्यातल्या खापरखेड्यात पाकिटावरचं घट्ट द्रावण विसरायचं आणि पातळ वापरायचं. आकडे अंदाजाचे आहेत, पहिला रोल चाचणीचा समजावा, पण दिशा हीच.

पातळ केल्याने चित्रही बदलतं, आणि ते बघण्यासाठी या डेव्हलपरची पाककृती उघडून पाहायला हवी. आयडी-११ आणि कोडॅकचं डी-७६ ही एकाच सूत्राची दोन नावं. कोडॅकच्या जॉन कॅपस्टाफ यांनी ते १९२० च्या दशकात सिनेमाच्या फिल्मसाठी बांधलं. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, २ ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट तब्बल १०० ग्रॅम. मेटॉल स्फटिकाला इलेक्ट्रॉन देतं आणि थकतं, हायड्रोक्विनोन त्याला पुन्हा ताजंतवानं करतं. टाकणखार द्रावण किंचित अल्कली ठेवतो, कारण त्याशिवाय ही जोडी कामालाच लागत नाही. पण वजनात सगळ्यांना भारी पडतं ते सल्फाइट. ते हवेतल्या ऑक्सिजनपासून बाकीच्यांना वाचवतं आणि शिवाय स्फटिकांच्या कडा हळूच विरघळवतं. त्यामुळे फोटोतला दाणा मऊ, गोलसर दिसतो. एकास तीन केलं की लिटरमागे सल्फाइट उरतं २५ ग्रॅम. कडा विरघळणं थांबतं, दाणा टोकदार होतो, चित्र धारदार. ज्यांना दाणा खुपतो त्यांनी एकास एकवर थांबावं. मला स्वतःला कोळशाच्या गावचा फोटो गुळगुळीत बघवत नाही.

पातळ डेव्हलपरचा आणखी एक गुण आहे. फिल्मवर जिथे ऊन भरपूर पडलंय तिथला डेव्हलपर लवकर संपतो आणि ताजा आत शिरेपर्यंत तो भाग जागीच थबकतो. सावलीच्या भागात डेव्हलपर फारसा खर्चच होत नाही, म्हणून तिथलं काम चालू राहतं. टाकी सारखी हलवली नाही, मिनिटाला एकदा उलटीसुलटी केली, तर उन्हाचा भडकपणा आपसूक आटोक्यात येतो. मेच्या दुपारी खापरखेड्यात हेच तर हवं असतं.

जुन्या काळी प्रश्न वेळेपेक्षा गंभीर होता. तेव्हाच्या फिल्मचं जिलेटिन गरम पाण्यात इतकं फुगायचं की थर सुटून वाहून जायचा. कोडॅकने उष्ण प्रदेशांसाठी डीके-१५ नावाचा वेगळा डेव्हलपर काढला. त्यात सोडियम सल्फेट घातलेलं असे. पाण्यात मीठ दाटलेलं असलं की जिलेटिनला पाणी पिता येत नाही आणि ते फुगत नाही. दुसरा उपाय तुरटीचा. डेव्हलपरनंतर वापरायच्या फिक्सरमध्ये तुरटी घातली की तिचे ॲल्युमिनियमचे आयन जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधतात आणि थर कडक होतो. गढूळ पाण्यात फिरवायची, दाढी झाल्यावर गालाला लावायची तीच ही तुरटी. आजच्या फिल्मांचं जिलेटिन कारखान्यातच कडक केलेलं असतं, त्यामुळे ३० अंशांना त्या टिकतात. रंगीत निगेटिव्हचा डेव्हलपर तर ३८ अंशांनाच चालवायचा असतो; नवतप्यात त्या मंडळींना पाणी तापवायचीही गरज नाही! मात्र एक पथ्य आजही पाळावं लागतं. डेव्हलपर २७ अंशांचा आणि धुण्याचं पाणी ३६ चं, असं करू नये. अचानक फुगलेल्या जिलेटिनला सुरकुत्या पडतात आणि त्या प्रिंटवर जाळीसारख्या उमटतात. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी एकाच तापमानाचं हवं.

महाराष्ट्रात उष्म्याशी फिल्मवाल्यांची ही झुंज नवी नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या पहिल्या काळातले सभासद. पण मला आठवतात त्या सरस्वतीबाई फाळके. दादासाहेबांनी १९१२-१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा मुंबईत फिल्म धुऊन देणारी प्रयोगशाळा नव्हती. दादरचं राहतं घर हीच प्रयोगशाळा. परदेशातून आलेल्या कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रंही घरी अंधारात पाडायची. दिवसा उन्हात चित्रण आणि रात्री धुलाई, आणि या रात्रपाळीत रसायनं कालवण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत सरस्वतीबाई होत्या. वर घरातल्या माणसांबरोबर चित्रपटाच्या सगळ्या चमूचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. ३ मे १९१३ ला कॉरोनेशन थिएटरात लोकांनी पाहिलेल्या त्या चित्रपटामागे मुंबईच्या दमट हवेत एका बाईने सांभाळलेली तापमानं आहेत. चित्रपटाच्या इतिहासात त्यांचं नाव येतं ते बहुधा पदार्थ रांधणारी म्हणून; डेव्हलपर सांभाळणारी म्हणून ते आधी यायला हवं. पुढे देशाने स्वतःची फिल्म करायचं ठरवलं तेव्हा १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना उभा राहिला तो थेट उटीच्या थंड डोंगरावर. ‘इंदू’ हे नाव छापलेली फिल्म आणि कागद तिथून यायचा. करायला थंडी लागे आणि वापरायची मात्र चंद्रपूर-नागपुरात.

दमट हवेचा उल्लेख आला म्हणून विदर्भाच्या बाजूने एक मुद्दा मांडतो. मे महिन्यात नागपूरकडे हवा ४४ अंशांची असली तरी कोरडी ठणठणीत असते. आर्द्रता २० टक्के धरली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर सुमारे २५ अंश दाखवतो. बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त तितकं थंड होऊ शकतं. मुंबईत तेव्हा हवा ३३ अंशांची, पण आर्द्रता ७० टक्के. तिथे ओलं फडकं २८ च्या खाली जात नाही. म्हणजे अकरा अंशांनी जास्त तापलेल्या गावातला माठ मुंबईच्या माठापेक्षा गार पाणी देऊ शकतो. सावलीत, वाऱ्यावर, ओल्या गोणपाटात ठेवलेल्या माठातून पहाटे २६-२७ अंशांचं पाणी मिळतं. डार्करूमला तेवढं पुरतं. बर्फाची पिशवी बुडवून २० पर्यंत ओढण्यात मला अर्थ दिसत नाही. टाकी हातात धरली की दहा मिनिटांत द्रावण पुन्हा चढतं आणि मग नेमकं कुठलं तापमान धरायचं हेच कळत नाही. माठाने दिलेला आकडा मान्य करावा आणि वेळ त्याला जुळवावी. पावसाळ्यात माठ हात टेकतो, पण तेव्हा नळाचं पाणीच निवतं. डिसेंबरात तर पाकिटावरचा वीसचा आकडा नळातूनच येतो.

फिल्म कुठली, हा प्रश्न आता सुटायला सोपा. खापरखेड्याचं दृश्य म्हणजे औष्णिक वीज केंद्र: २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० चा एक, एकूण १३४० मेगावॅट. जवळच सिलेवाड्याच्या कोळसा खाणी. रस्त्याने जाणारे ताडपत्री टाकलेले ट्रक, राखेने पांढुरकी झालेली झाडं, चहाच्या टपरीवर हेल्मेट बाजूला ठेवून बसलेली माणसं. (केंद्राच्या आत कॅमेरा न्यायचा तर परवानगी हवी, बाहेरचंच इतकं आहे की आयुष्य पुरणार नाही.)

कोळशाच्या ढिगावर कॅमेऱ्याचा मीटर रोखला की तो फसतो. मीटरची समजूत अशी, की समोरचं जग सरासरी १८ टक्के उजेड परत फेकतं. कोळसा फेकतो चार-पाच टक्के. मीटर म्हणतो, अंधार आहे, जास्त उजेड द्या; आणि प्रिंटवर कोळसा राखेसारखा करडा येतो. दोन स्टॉप कमी केले की तो काळा राहतो आणि नुकत्या फुटलेल्या खड्यांच्या पैलूंवरची चकाकी जिवंत उमटते. त्याच्याही खाली गेलात तर ढीग म्हणजे नुसतं भोक. सावलीला बघून एक्स्पोजर आणि उजेडाला बघून डेव्हलपिंग, असा जुना नेम आहे. सावलीतले थोडेसे जागे झालेले स्फटिक डेव्हलपरच्या पहिल्या काही मिनिटांतच काळे होऊन जातात, त्यानंतर वेळ वाढवा की घटवा, फरक मुख्यतः उजळ भागातच पडतो. मेच्या भर दुपारी काढलेल्या रोलची वेळ म्हणूनच आणखी दहा-पंधरा टक्के कापावी.

दिवसाच्या कामाला मी एफपी-४ प्लस सुचवीन, १२५ वेगाची. रणरणत्या उन्हात ४०० ची फिल्म घातली तर एफ-१६ आणि पाचशेवा भाग सेकंद, याशिवाय कॅमेरा काही करूच देत नाही. बरोबर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर हवा. सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक मुळात निळा आणि जांभळाच उजेड ओळखतात. १८७३ साली हेर्मान फोगेल यांना रंगद्रव्यं मिसळून त्यांना बाकीचे रंग दाखवता येतात हे सापडलं, तरी निळ्याचा ओढा आजही सुटलेला नाही. परिणामी निळं आकाश कागदावर पांढरं होतं आणि डिसेंबरच्या सकाळी कूलिंग टॉवरवर उठणारी पांढरी वाफ त्यात हरवते. फिल्टर निळा अडवतो, आकाश गडद होतं, वाफ सुटून दिसते.

रात्रपाळीच्या दिव्यांसाठी मात्र एचपी-५ किंवा कोडॅकची ट्राय-एक्स, जी रोल फिल्म म्हणून १९५४ पासून चालत आली आहे. आणि इथे त्या चार अणूंची गंमत पुन्हा समोर येते. उजेड मंद असला की स्फटिकात पहिला अणू तयार होतो, पण एकटा अणू टिकत नाही. दुसरा उजेडाचा कण वेळेत आला नाही तर तो पुन्हा विरघळून आयन होतो, केलेलं काम फुकट. म्हणून मीटर १० सेकंद म्हणाला तर एचपी-५ ला २० द्यावे लागतात. याचं मोजमाप १८९९ मध्ये कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी केलं, ताऱ्यांचे फोटो काढताना. कृष्णविवरांच्या गणितात ज्यांचं नाव येतं तेच हे.

१८९१ पासून चालत आलेलं रोडिनल हे डेव्हलपरचं द्रावण अशा रात्रीच्या रोलला मी वापरणार नाही. त्यात दाणा आधीच उघडा पडतो, ४०० च्या फिल्मवर तर वाळू सांडल्यागत. एफपी-४ ला ते एकास पन्नास करून छान लागतं आणि बाटली वर्षानुवर्षं टिकते, हे आपल्या उन्हाळ्यात लहान सुख नाही. ज्यांना यातलं काहीच मिळत नाही त्यांनी किराणा दुकान आणि औषधांचं दुकान गाठावं: इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाची पूड. अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रसंस्थेत स्कॉट विल्यम्स यांनी विद्यार्थ्यांबरोबर १९९५ मध्ये कॉफीचा डेव्हलपर जमवला. खरोखर निगेटिव्ह निघते. वास मात्र असा की घरची माणसं रात्रभर बोलत नाहीत.

शेवटची अडचण वाळवण्याची. कोळशाच्या गावात धूळ बारीक असते आणि ओलं जिलेटिन तिला घट्ट धरतं. एकदा आत बसलेला कण पुसून निघत नाही. कूलरच्या झोतात फिल्म टांगायची नाही. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेने धूळ खाली बसवायची, दार लावून घ्यायचं, आणि शेवटचं विसळणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात करायचं, म्हणजे बोअरच्या जड पाण्याचे क्षारांचे डाग राहत नाहीत. आणि धुवायचा रोल मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नये. ते चार अणू उष्णतेनेही विस्कटतात, म्हणून काढलेला रोल त्याच आठवड्यात धुवावा, नाहीतर फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात ठेवावा, भाजीच्या कप्प्यात चालतं.